प्रत्येकाचा एकच डबा

मधल्या सुटीची घंटा झाली तेव्हा तारा शाळेच्या ओसरीवर टोपाशी बसली होती. चवळीसारख्या अळसांद्यांची पातळ भाजी, तिला नारळाचं वाटण, शेजारी टोपलीत पाववाल्या पोदेराने पहाटे टाकलेले मऊ पाव. मुलं बाहेर आली, ओसरीच्या पलीकडल्या टोकाला गोल करून बसली आणि पटापट डब्यांची झाकणं उघडली. ताट घेऊन तारासमोर एकटी सिद्धी उभी राहिली. ती ताराचीच मुलगी.

हळर्णच्या अलीकडल्या त्या गावात जातपात कोणी मानत नाही. कोणालाही विचारा. तारा महारवाड्यातली, हे मात्र कोणाला विचारावं लागत नाही. जूनमध्ये तिच्या बचत गटाला शाळेच्या आहाराचं काम मिळालं तेव्हा पालकसभेत टाळ्या वाजल्या होत्या. पहिले काही दिवस टोप तळापर्यंत खरवडला जायचा. मग गौरवीचं पोट दुखलं, आईने डबा दिला. परेशला पातळ भाजी आवडेना, त्याचाही डबा आला. तिसऱ्याने आणला, कारण दोघे आणत होते. पुढे कारण लागेनासंच झालं. आई पोराला घरचं खाणं देते, यात पाप ते कसलं? सुटं सुटं पाहिलं तर काहीच नाही. पाप बघायचं तर सुटीनंतर टोपात डोकवावं.

त्या दिवशी मुख्याध्यापक प्रशांत सर ओसरीवर आले. "ताराबाई, तालुक्याहून माणूस येऊन बघून गेला. अन्न वाया जातंय म्हणतो. सोमवारपासून दुसऱ्या गटाचं येईल."

"माझां काय चुकलां, सर? मीठ जास्त पडता? आयदनां-भांडी बरी घासणंय नाय?"

"छे छे! तुमची एकही तक्रार नाही."

"मगे काढतात कित्याक?"

"मुलं खात नाहीत ना."

"कित्याक खाणत नाय?"

सर चष्मा पुसू लागले. त्यांच्या मेजावर त्यांचाही डबा होता.

दुपारी तारा घराघरांतून फिरली. हे पेटवणारा कोणीतरी एक असणारच. तो सापडला तर त्याच्या पाया पडता येईल, नाहीतर त्याच्या तोंडावर थुंकता तरी येईल.

परेशचा बाप गुरुदास दुकानात बसला होता. "आमी तसलां काय मानत नाय हां," तो म्हणाला. "तू दुकानात येतंस, तुझे पैशे मी हातात घेतंय मगे?"

"पैशांक विटाळ जायना, गुरुदासभाऊ. तो भाजयेक जाता."

"तोंड बरां तिखट तुझां! तितकां तिखट भाजयेत घालतंस काय?" गिऱ्हाईकं हसली. मग त्याने आवाज उतरवला. "म्हातारेचो हट्ट गो, दुसरां काय नाय. आणि माझ्या एकट्या झिलान खाल्ल्यान म्हणान तुझो टोप रिकामो जातलो?"

गौरवीच्या आईकडे, विनोदिनीकडे, तारा आशेने गेली. दोघींनी एकाच बागेत काजू वेचले होते, एकमेकींची टिंगल केली होती. तिला बघून विनोदिनीचे डोळे भरले.

"गौरवीक तुझी भाजी आवडा गो. घराकडे येऊन सांगी. पण मी एकटीन डबो दिलंय नाय, तर वाड्यार काय म्हणतले? फाल्यां दुसऱ्या चेडवांनी तिका आपल्यात घेतल्यानी नाय तर?"

"आणि दुसऱ्या घरांतली काय सांगतत?"

"तीं माझां नाव सांगत आसतली."

"माझ्या सिद्धीक कोण घेता गो?"

तारा उठली. गुन्हेगार सापडलाच नव्हता. घराघरात भली माणसं भेटली, आणि प्रत्येक भल्या माणसाने शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी सिद्धी म्हणाली, "आये, माका फाल्यां डबो दी."

"कित्याक गो? मी थंयच आसतंय मगे वाढूक."

"डबो नाय तर माका गोलात घेणत नाय."

"बरां बाय. भाजी-पाव घालतंय डब्यात."

"नको." सिद्धी अंगठ्याने जमीन उकरत राहिली. "बिस्किटां दी. दुकानातली. तुझ्या हातचां काय नको."

ताराचा हात उठला, पोरीच्या गालापाशी येऊन थांबला. आठ वर्षांची पोर. तिला मैत्रिणी हव्या होत्या. तारा भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

सकाळी तिने डब्यात बिस्किटं भरली. दुसरं काय करणार होती?

त्या दिवशी एकही ताट उचललं गेलं नाही. सिद्धी गोलात बसली, गौरवीला खेटून, आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. टोप जसा आणला तसा भरलेला.

प्रशांत सर आले ते सुटल्यासारखे. "बघा, ताराबाई, आता तुमची सिद्धीसुद्धा डबा आणते. म्हणजे जातीबितीचं काही नाही, मुलांची आवड आहे. तालुक्याला तसं कळवून टाकतो."

गौरवीची विसरलेली पाण्याची बाटली द्यायला विनोदिनी आली होती. तिनेही श्वास सोडला. "होय तर! मीय तांच म्हणा होतंय."

पोरीच्या एका डब्यात साऱ्या गावाने हात धुऊन घेतले. तारा उठून पायरीवर आली, नेमकी वर्गाच्या वाटेत.

"सर, माझ्या चेडवान डबो आणल्यान, कारण तिका एकट्यान जेवन जेवन कंटाळो इलो. तां कळवा तालुक्याक. सोमवारी मी टोप घेऊन येतलंय. दुसरो गट येऊं दे. माका घालवची तर खरां कारण सांगा. कोणीय एकान तोंडान म्हणा, मी आताच जातंय."

सर जमिनीकडे बघू लागले. तारा विनोदिनीकडे वळली. ताटं थप्पीला होती, टोपाचं झाकण उघडं होतं. विनोदिनीचा हात ताटाकडे थोडा पुढे आला. मग तिची नजर रस्त्यापलीकडे गेली. दुकानाच्या बाकावरून दोघेजण बघत होते.

"मी एकटीन..." ती पुटपुटली.

"होय गो," तारा म्हणाली, "तू एकटी. गुरुदासभाऊ एकटो. सरय एकटे. आमी सगळीं एकटींच आसंव."

ती पायरीवर बसून राहिली. घंटा झाली. मुलं तिला वळसा घालून वर्गात गेली, एकेक करून.