फर्म्यापासून दोन बोटं

पत्रा पहिला.

नव्या मशीनमधून तो बाहेर आला आणि नूरुद्दीनने पुढे होऊन त्याच्या गोलाईवरून नजर फिरवली.

राहात्याच्या मंगल कार्यालयाचं घुमटी छत. एकशे ऐंशी वाकवलेले पत्रे. नगरच्या एमआयडीसीतल्या या शेडमध्ये असलं काम एकतीस वर्षं नूरुद्दीनच करत आलेला, तीन रोलांच्या जुन्या मशीनवर. या वेळी मालक आप्पासाहेबांनी कॉम्प्युटरचं मशीन आणलं, चालवायला पुतणी ज्ञानेश्वरीला बसवलं. नूरुद्दीनकडून फक्त फर्मा मागून घेतला; गोलाई तपासायचा प्लायवूडचा साचा. ज्ञानेश्वरीने तो मोजला, आकडे आत भरले.

आता तिने पत्र्याला फर्मा टेकवला. मधून उजेडाची रेघसुद्धा दिसेना.

"बघा चाचा! केसाचाही फरक नाही."

"व्हय," नूरुद्दीन म्हणाला.

तेच चुकलं होतं.

(हे कंसात, कारण त्याने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. वाकवलेला पत्रा रोलांतून सुटला की थोडा उघडतो. म्हणून नूरुद्दीन फर्माच जास्त गोल कापायचा. पत्रा रोलांत असताना फर्म्याला टेकला पाहिजे. सुटला की दोन बोटं उघडतो आणि छताला नेमका बसतो. बापाने शिकवलेलं. हे हाताबाहेर जाऊ द्यायचं नाही, असं बजावलेलंही बापानेच. नवं मशीन ते उघडणं आपलं आपणच धरून चालतं. त्यामुळे पत्रा सुटल्यावरही फर्म्याला चिकटून, म्हणजे छताला हवा त्याहून दोन बोटं जास्त गोल.)

पत्रा दुसरा ते अकरावा.

सांगतो. चहा झाला की सांगतो.

पण सांगितलं, की मग जवळ राहिलं काय?

चहाला वेल्डर सुनील म्हणाला, "चाचा, तुमी आता नातवंडं खेळवा. ह्या मशीनला तंबाखू लागत न्हाई, आन् गुडघेबी दुखत न्हाईत."

सगळे हसले. नूरुद्दीनही हसला. हसता हसता त्याच्या मनात आलं: होऊ दे चूक. झाली की येतील माझ्याकडंच.

पत्रा बारावा ते एकशे ऐंशीवा.

सगळे सारखे.

चौथ्या दिवशी टेम्पो राहात्याहून भरलेलाच परत आला. एकही पत्रा सांगाड्यावर बसला नव्हता. आप्पासाहेब ज्ञानेश्वरीवर कडाडले, ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. ती रडवेली होऊन एकेक पत्रा फर्म्याला लावत राहिली. "काका, बरोबर आहे हो. बघा ना. बरोबर आहे."

तेव्हा नूरुद्दीनला राहवेना. त्याने सगळं सांगितलं.

आप्पासाहेबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मग, "कळलं कधी तुला?"

"पयल्याच पत्र्याला."

"पयल्याच." आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आन् पोरीला रडताना बघत बसला व्हय रं, नूर?"



पत्रा सत्याहत्तरावा.

हातात आला तो उचलून नूरुद्दीनने जुन्या मशीनवर चढवला. जास्तीची गोलाई हलके हलके उघडून बघावी. रोल फिरले आणि चकचकीत पत्र्यावर आडव्या सुरकुत्या पडल्या. त्याने अंगठ्याने त्या दाबून पाहिल्या. मग मशीन बंद केलं.

पाठीमागे ज्ञानेश्वरी उभी होती. डोळे लाल, हातात मापायचा व्हर्नियर.

"चाचा, दोन बोटं म्हणजे किती?"

त्याने दोन बोटं जोडून पुढे धरली. तिने व्हर्नियरचे जबडे बोटांना लावले. गार लागले.

"छत्तीस मिलिमीटर," ती म्हणाली आणि आत गेली. आकडा भरायला तिला घोटभर पाणी पिण्याइतकाही वेळ लागला नाही.

पत्रा पहिला. पुन्हा.

तिने फर्मा टेकवला. दोन्ही कडांना उजेड. दोन बोटांचा, ना कमी ना जास्त.

"आता?"

"बरोबर."

"मग फर्मा आता लागायचा नाही ना?" तिने सहजच विचारलं आणि तो भिंतीला टेकवून पुढचा पत्रा लावला.

नूरुद्दीनची बोटं अजून तशीच पुढे धरलेली होती.