तांबड्या दगडाचा आकडा

भट्टीत तांबड्या दगडाची ओंजळभरच पूड टाकायची असते, म्हणजे वितळलेल्या तांब्यावर तरंगणारी मळी पातळ होते आणि तांबं मोकळं होतं. मी पाटीभर ओतली. माझी नणंद अन्नीया भाता मारता मारता शेजारच्या लग्नातली फजिती सांगत होती. हसण्याच्या नादात माझा हात थांबलाच नाही, आणि तीही दुप्पट जोराने भाता मारत राहिली.

भट्टी फोडली, तर तांबं नावालाही नाही. आत एक काळा, भोकाभोकांचा गोळा.

माझा नवरा तुत्तू मटकन खाली बसला. "दोन दिवसांचा कोळसा गेला. नदीत टाका तो."

"दादा, ठोकून सपाट तरी कर," अन्नीया म्हणाली. "चक्क्यावर वजन ठेवायला होईल."

"फुटेल. तापलेलं कांसं ठोकलं की फुटतं, तसंच हे."

"मग फुटू दे. नाहीतरी टाकणारच आहेस ना?"

त्याने रागारागाने गोळा लालभडक केला आणि दगडी हातोडा हाणला. ठिणग्या उसळल्या, मळी उडून त्याची एक भुवई करपली. गोळा फुटला नाही, चेपला. त्याने पुन्हा हाणला. पुन्हा चेपला.

"वहिनी," अन्नीया माझ्या कानात म्हणाली, "दादा हसतोय."

मग आम्ही तिघं पाळीपाळीने ठोकत सुटलो. चक्का कुणाला आठवतोय! उन्हं कलेपर्यंत हातभर सळई झाली. तुत्तूने तिची दोन्ही टोकं वाकवून आकडा केला आणि घराच्या तुळईवर अडकवला. त्याला बिअरचा रांजण टांगला. आकडा हलला नाही. मेंढा टांगला, तो बें बें करत फिरला. मेंढा उतरवून अन्नीया स्वतः लोंबकळली, मग मी. शेजारीपाजारी आले, दाराबाहेर रांग लागली, रांजणही रिकामा होत गेला.

तेवढ्यात गावप्रमुख झिदी आले. देह हा एवढा. "वादळदेवाच्या देवळातल्या नव्या कढईसाठी सांगितलेलं तांबं कुठंय?"

"आधी लटकून बघा काका," तुत्तू म्हणाला.

काका नको नको म्हणत लटकले. दोन झोके घेतले, आणि तुळई कडाडली. छपराची माती धबाधबा आमच्या डोक्यावर आली. धुरळा बसला तेव्हा काका जमिनीवर फतकल मारून बसले होते, मुठीत आकडा. तो जराही उलगडला नव्हता.

"देवळाला काय सांगू मी?" त्यांनी विचारलं, आणि स्वतःच आधी हसत सुटले.

सकाळी मी छपराचं विचारलं, तर तुत्तू म्हणाला, "राहू दे गं," आणि पाटी घेऊन तांबड्या दगडाच्या कड्याकडे निघाला. काका त्याच्या पुढे होते.