धाकट्याच्या नावचं रक्त

"डोळे मिटा," डॉक्टरीणबाई धाकट्याला म्हणाल्या. "टोचलं की सांगा."

धाकट्याने डोळे मिटले. बाईंनी त्याच्या करंगळीला पिनचं टोक लावलं.

"कळतंय."

"आता?"

"कळतंय की. दुखतंयसुद्धा."

बाईंनी भुवया चढवून टेबलावरच्या रिपोर्टकडे पाहिलं. रिपोर्ट एक सांगत होता आणि बोटं भलतंच. शेजारच्या खुर्चीत मास्तर मान खाली घालून बसले होते. घरचं एक माणूस बरोबर आणा असा निरोप होता, म्हणून ते थोरला भाऊ या नात्याने आले होते. रिपोर्टमधलं रक्त मात्र त्यांचंच होतं.

कारखाना जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचा. धाकटा तिथे भट्टीवर होता. मास्तरांचं शिलाईचं दुकान कारखान्याच्या फाटकासमोर. नवे कपडे शिवायला तिथे कोण येणार? यायचे ते ठिणग्यांनी भोकं पडलेले, कोपरात विरलेले कामाचे कपडे. पाळी सुटली की माणसं ते तसेच मळके टेबलावर टाकून जायची. कोणी धुऊन आणलेच तर मास्तर कपाळाला आठ्या घालायचे. मळ असला की कापड कुठे विरलंय ते दिसतं, धुतलं की सगळे एकाच माळेचे मणी, असं त्यांचं शास्त्र होतं. ठिगळ लावण्याआधी ते भोकाभोवतीची धूळ फुंकून काढत आणि दोरा दाताने तोडत. दोरा तोडायला कात्री शोधत बसणारा तो कसला शिंपी, असंही ते म्हणायचे. सगळा जन्म त्यांनी असाच फुंकण्यात आणि तोडण्यात घालवला होता.

बाहेरून तपासणीची माणसं येणार हे कळलं, तेव्हा धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. ज्याचं रक्त वाईट निघेल त्याला भट्टीवरून उचलून फाटकावर राखणीला बसवणार होते. धाकटा तर मुकादम व्हायच्या बेतात होता, आणि त्याच्या पोटात अधूनमधून कळा येत होत्या.

"दादा, माझं रक्त काही चांगलं निघायचं नाही."

"मग माझं दे. शिंप्याच्या रक्तात काय निघणार? दोरे?"

दोघंही हसले होते. मास्तरांनी भावाचे कपडे चढवले, तोंडाला फडकं बांधलं, छातीवर त्याचा बिल्ला लावला आणि रांगेत उभे राहिले. रक्त घेणारी मुलगी परगावची. तिने फक्त दंड पाहिला. रांगेतल्या सगळ्यांनी ओळखलं होतं, पण बोललं कोणी नाही. एक जण एवढंच पुटपुटला, "आज मास्तरांचंच माप निघतंय."

"आम्ही नुसतं शिसं मोजत नाही," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "रक्तातल्या आणखी काही गोष्टी बघतो. त्यांवरून पुढे काय होईल याचा अंदाज येतो. आज तुम्हाला काही वाटत नसेल. पण मूत्रपिंडांवर ताण आलाय, नसांवरही. असंच चालू राहिलं तर दोन-चार वर्षांत हात काम देणार नाहीत."

"नक्की का?" धाकट्याने विचारलं.

"अंदाजच आहे. पण एवढे आकडे ज्यांचे होते, त्यांच्यातल्या बहुतेकांचं तसंच झालं."

"हात म्हणजे, बारीक काम?" मास्तरांनी विचारलं.

"भट्टीवर कसलं आलंय बारीक काम?"

"नाही, आपलं सहज विचारलं."

आपण आता घाबरायला पाहिजे, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी वाट पाहिली, पण भीती काही आली नाही. शेजारच्या घरातलं आजारपण ऐकावं तसं ते ऐकत राहिले. धाकटा "बाई, हे रक्त..." म्हणत पुढे सरकला, तेव्हा मात्र त्यांनी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला.

"पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त घेऊ," बाई म्हणाल्या. "तोवर भट्टी बंद. आणि त्या कामाच्या कपड्यांना अजिबात हात लावायचा नाही."

बाहेर आल्यावर धाकटा भडकला. "गप्प का बसवलंस मला?"

"आता फार तर फाटकावर बसशील. खरं सांगितलंस तर फाटकाबाहेर काढतील."

"आणि तुझं काय?"

"माझं काय व्हायचं राहिलंय?"

दुकानात कपड्यांचा ढीग तसाच होता. मास्तरांनी वरचा सदरा ओढला, भोकाशी तोंड नेलं आणि फुंकर मारणार तेवढ्यात धाकट्याने तो हिसकावून घेतला.

"हात दाखव."

"काही झालेलं नाही."

"बोटाला रक्त वाळलंय, दादा."

"शिंप्याला सुई टोचणारच."

"कधी टोचली?"

मास्तरांना आठवेना. सकाळी असेल, किंवा कालही असेल.

"डोळे मीट," धाकटा म्हणाला. "टोचलं की सांग."

"पोरकटपणा करू नकोस."

"मीट म्हणतो ना."

मास्तरांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला. ह्याला अंगाखांद्यावर वाढवला, आणि आता हा आपली परीक्षा घेणार, या विचाराने त्यांना हसू आलं. थोडा वेळ गेला.

"कळतंय," ते म्हणाले.

त्यांनी अंगठा किंचित हलवला.

"कळतंय रे. अंगठ्याला. चांगलं कळतंय."

तरी उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. सुई टेबलावरच्या सुया-टाचण्यांच्या गादीतच खोचलेली होती. धाकट्याचे दोन्ही हात त्याच्या स्वतःच्या मांडीवर होते आणि त्याचे डोळे भरून आले होते.

त्याने छातीवरचा बिल्ला काढून मुठीत घेतला.

"चल. बाई अजून गेल्या नसतील."

"अरे, तुझी मुकादमकी..."

"चल, दादा."

मास्तर उठले. मशीनवर अर्धवट शिवलेलं ठिगळ होतं. त्याचा दोरा तोडायला ते सवयीने वाकले, दातांपर्यंत नेला आणि थांबले. मग ढिगाखाली, खणात, गल्ल्यामागे ते छोटी कात्री शोधू लागले. ती सापडेपर्यंत धाकटा दारात उभा राहिला.