पंगतीतला वाढपी

एकोणीसशे बहात्तर सालचा मार्गशीर्ष होता. सुप्याजवळच्या माळावर दुष्काळी कामाची खडी फुटत होती, आणि कानिफनाथ हातोडी टाकून सिनेमातल्या खलनायकाची चाल करून दाखवत होता. एक खांदा वर, एक खाली, डोळे बारीक केलेले. बाया हसत होत्या. झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसली आणि पुन्हा दगड फोडू लागली.

सुप्याच्या बाजारतळावर तंबूचा सिनेमा आला होता. रान करपलं होतं, विहिरींना तळ दिसत होता, पण कामाची मजुरी हाती येत होती आणि ती घेऊन माणसं सिनेमाला जात होती. दुसऱ्या दिवशी माळावर त्याचाच पंचनामा. नायक मारामारीत बरा, पण गाण्यात बावळट दिसतो, असं बाप्यांचं म्हणणं. रंगुबाई शेजारच्या घरातली, सिनेमाची मोठी शौकीन. तिला नायिकेचं रडणं पटलं नव्हतं. इतकी रडली तरी गालाची पावडर जागची हलत नाही, आणि हंडा डोक्यावर घेऊन पळते म्हणजे हंडा रिकामाच असणार. सासू मात्र अगदी खरी होती, कुणाच्याही घरातून उचलून नेल्यासारखी. त्या सिनेमात एक नदी होती, दोन्ही काठ भरून वाहणारी. तिला तेवढी कुणी नावं ठेवली नाहीत. काही जण म्हणे त्या नदीसाठीच दुसऱ्यांदा जाऊन आले होते.

कानिफनाथ चाल दाखवून खाली बसला. हातोडी उचलली, पण मारली नाही.

"काकी, एक सांगू का? त्या लग्नाच्या पंगतीत आपला सहादेव हाय. वाढतोय."

"कान्या, गप," रंगुबाई म्हणाली. "कुठं थट्टा करायची ते कळत न्हाई तुला."

"थट्टा न्हाई, आक्का. गळ्याशपथ. तोंड त्येचंच हाय."

झुंबरबाईच्या हातातला दगड फुटला होता. ती त्याच दोन तुकड्यांवर हातोडी मारत राहिली.

सहादेव तिचा एकुलता एक मुलगा. तो जन्माचा डावरा. जेवणाचा हात उजवा करायला तिने काय कमी मारलं होतं त्याला! जेवण उजव्या हाताने जमलं, पण बाकी काही घाईचं काम निघालं की डावा हात आधी पुढे यायचा. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या, मनकर्णाच्या लग्नात तो हौसेने वाढायला उतरला. व्याही पंगतीत बसलेले, आणि याने बादली उजव्या हातात धरून डाव्या हाताने आमटी वाढली. व्याह्यांकडचं कुणीतरी म्हणालं, आमच्यात डाव्या हाताचं खात नाहीत. पानं तशीच टाकून चौघेजण उठले. बापाने, म्हणजे कारभारींनी, भर पंगतीत त्याच्या थोबाडीत मारली. बादली कलंडली. सहादेवाने ती उभी केली, कडेला ठेवली, हात धुतले आणि मांडवातून बाहेर पडला, तो गेलाच. कुणी पुण्याला गेला म्हणत, कुणी मुंबईला. पत्र नाही, निरोप नाही.

संध्याकाळी झुंबरबाईने नवऱ्याला सांगितलं. बाया नवऱ्याला कारभारीच म्हणत आणि याचं नावच कारभारी असल्यामुळे तिला नवऱ्याचं नाव घेतल्याचा दोष कधी लागला नव्हता, पण त्या दिवशी ती नुसतं "अवं" म्हणाली आणि थांबली. मग सगळं सांगितलं.

"सिनेमात समदेच कुनासारखं तरी दिसत्यात," कारभारी म्हणाले. "तू जाऊ नगं."

जन्मात पहिल्यांदा तिने त्यांचं ऐकलं नाही. बाजारच्या दिवशी, दिवस मावळायला, ती रंगुबाईबरोबर तंबूत जाऊन बसली.

तंबूच्या मधोमध पांढरं कापड ताणलं होतं. यंत्राच्या बाजूला बाप्ये, कापडाच्या पलीकडे बाया. कापड पातळ होतं, चित्र आरपार दिसायचं. बायांना पाठीमागची बाजूच बरी वाटायची. शिट्ट्या आणि विड्यांचा धूर पलीकडे राहायचा, आणि लेकराला पाजायचं म्हटलं तरी कुणाची चोरी नसायची.

झुंबरबाईला सिनेमा कळला नाही. माणसांची तोंडं लुगड्याएवढी मोठी व्हायची, मग एकदम बारीक. नदी आली तेव्हा सगळ्या बाया एका सुरात हळहळल्या, तिने नदीही धड पाहिली नाही. ती पंगतीची वाट पाहत होती.

पंगत आली. मांडव होता, पत्रावळींच्या ओळी होत्या, नायक वरच्या अंगाला बसला होता. आणि ओळीच्या टोकाकडून एक पोरगा वाकून वाढत येत होता. वाकलेली पाठ. गालाचं हाड. पत्रावळ ओलांडताना गुडघा जरा जास्तच वर उचलायची लकब.  झुंबरबाई अर्धवट उठली, मागच्या बाईने तिला खाली ओढलं. पोरगा जवळ आला, बादलीत पळी घातली आणि वाढली.

उजव्या हाताने.

तिने डोळे फाडून पाहिलं. बादली डाव्या हातात होती, पळी उजव्या. दुसऱ्या पानावर वाढलं, तेही उजव्याच हाताने. मग नायकाचं भलंमोठं तोंड मध्ये आलं आणि पंगत गेली.

"रंगू, परत दावत्यात का गं?"

"काय?"

"ती पंगत."

"आता कशाची परत? झाली ती झाली."

पुढचा सिनेमा तिने डोळे मिटून ऐकला.

घरी आली तेव्हा कारभारी उंबऱ्यात बसले होते. जाऊ नको म्हटलं तरी गेली म्हणून ते रागावले नाहीत.  नुसते तिच्याकडे बघत राहिले.

"आपला न्हाई," ती म्हणाली. "उजव्या हातानं वाढत हुता."

"म्हनलं हुतं मी," कारभारी म्हणाले. पण त्या रात्री त्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवून दिली.

कामावर तिने कानिफनाथाला तेच सांगितलं. तोंड सारखं असेल बाबा, हात आपल्या पोराचा नाही. कानिफनाथ ओशाळला. आईपेक्षा आपल्याला जास्त कळतं का, म्हणाला, आणि नंतर बरेच दिवस त्याने नकला केल्या नाहीत. झुंबरबाई पहिल्यासारखी खडी फोडत राहिली. फक्त रंगुबाईच्या लक्षात आलं की ही मध्येच पळी धरल्यासारखी बोटं वळवते आणि हाताकडे बघते.

पुढचा बाजार होऊन गेला. सिनेमाच्या गोष्टी शिळ्या झाल्या, तरी दुपारच्या भाकरीला कुणीतरी काढायचंच. त्या दिवशी विषय निघाला शेवटच्या मारामारीचा. नायकाला गोळी लागते आणि तो एका हाताने खलनायकाला लोळवतो. कानिफनाथ म्हणाला, डावा दंड रक्ताने भरला होता. रंगुबाई म्हणाली, डावा कशाला, उजवा. चांगला उजवा हात गळ्यात बांधला होता.

"आक्का, झोप लागली हुती काय तुमाला?"

"मी पैसं देऊन झोपायला जाती व्हय? इचार ह्या बायांला."

बायांनी एकमुखाने उजवा सांगितला. बाप्यांनी डावा. आवाज चढले. मुकादम छगन पलीकडे तंबाखू मळत बसला होता, तो हसायला लागला. तरुणपणी तो अशाच एका तंबूवर खुंट्या ठोकायला होता.

"भांडताय कशापायी?" तो म्हणाला. "बाया कापडाच्या पाठीमागं बसत्यात. पाठीमागनं समदं उलटं दिसतंय. डावं ते उजवं, उजवं ते डावं. पाट्यासुदीक उलट्या दिसत्यात."

"आमाला मेल्यांला पाटी वाचता कुठं येती?" रंगुबाई म्हणाली. "सुलटी काय आन् उलटी काय!"

सगळे हसले. कानिफनाथ हसता हसता थांबला. त्याने झुंबरबाईकडे पाहिलं.

ती भाकरीचा घास हातात धरून बसली होती. तिने तो घास उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. थोडा वेळ तसाच धरला. मग भाकरीवर ठेवून दिला.

"काकी," कानिफनाथ म्हणाला, "मी तोंड बघितलं हुतं. हाताकडं ध्यानच न्हवतं माजं."

ती उठली. कारभारी माळाच्या खालच्या अंगाला तलावाच्या भरावावर माती टाकायला होते. उन्हातून ती तिकडे चालत गेली. लांबून बायांना एवढंच दिसलं, की ती काहीतरी बोलली, दोन्ही हातांनी बादली-पळी दाखवली, मग हात बदलून पुन्हा दाखवली. कारभारींनी मातीची पाटी खाली टाकली. डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला, आणि मुकादमाला न विचारता सुप्याच्या वाटेला लागले.

ते परतले तेव्हा तिने चूल पेटवली होती. कारभारी भिंतीला टेकून बसले. पाय धुळीने गुडघ्यापर्यंत पांढरे झाले होते.

"तंबू उठला," ते म्हणाले. "खुंट्यांची भोकं राह्यलीत नुसती."

बाजारतळावर त्यांनी दिसेल त्याला विचारलं होतं. कुणी म्हणालं तंबू राहात्याला गेला, कुणी म्हणालं कोपरगावला. पानवाल्याने तर सांगितलं, तंबू कुठेही जाऊ द्या, ते चित्र आता त्यांच्याकडे नाही. त्याच्या रिळांच्या पेट्या मुंबईला परत गेल्या, नवीन चित्राच्या आल्या. हे सगळं कारभारी एकेक शब्द तोडून सांगत होते, आणि झुंबरबाई काटवटीतलं पीठ मळत होती. पीठ कधीच मळून झालं होतं.

"मुंबईत शोधलं तर?" ती म्हणाली.

 मुंबई कारभारींनी पाहिली नव्हती. तिने भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटली.

"डाव्याच हातानं वाढत हुता?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"अन् पंगतीतलं कुनी... काय म्हनलं का त्याला?"

"न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "समदे खात हुते."

कारभारींनी मान हलवली. बऱ्याच वेळाने त्यांनी पुन्हा मान हलवली.

पुढच्या साली पाऊस झाला आणि खडीचं काम बंद पडलं. रंगुबाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला कोपरगावकडे गेली ती तिकडेच राहिली. कारखान्याजवळ पक्कं थेटर झालं, तिथे ती अखेरपर्यंत पहिल्या रांगेत बसायची, पडद्याच्या बरोबर समोर. छगन मुकादमाने पुणे रस्त्याला चहाचं हॉटेल काढलं, पोरांनी ते वाढवलं. कानिफनाथ एसटीत ड्रायव्हर झाला. मुक्काम पडेल त्या गावात तो सिनेमा बघायचा आणि गर्दीच बघायचा. कधी कुणी दिसलं का, ते त्याने परत येऊन सांगितलं नाही. मनकर्णाची धाकटी पोरगी डावरी निघाली. आजोळी तिला कुणी हटकलं नाही. सहादेवाचं पुढे काय झालं, ते कुणालाच कळलं नाही.

झुंबरबाई पुष्कळ जगली. गावात टीव्ही आला तेव्हा भावकीतल्या सुना-पोरं समोर दाटीने बसायची, आणि ही म्हातारी एकदा उठून त्याच्या पाठीमागे डोकावून आली, म्हणून पोरं हसली होती.

कारभारी तिच्या आधी गेले. भावकीतल्या एकाही लग्नाची पंगत त्यांनी चुकवली नाही. पानावर बसले की दोन्ही हात मांडीवर ठेवायचे, आणि वाढपी समोर येऊन वाकला की आधी त्याच्या हाताकडे बघायचे, मग तोंडाकडे.