आजीच्या कवळ्या

कवळीवालीला पंचावन्नावं लागायला थोडेच महिने उरले होते आणि तिने मरणाची जय्यत तयारी केली होती.

दातांच्या दवाखान्यांना ती कवळ्या बनवून द्यायची. तिची कवळी लावून एका आजोबांनी दाराचा खिळा उपटला, असं गल्लीत सांगत. आजोबाही नाकारत नसत. पण एवढी हातची पक्की बाई घरातल्या भिंतीला मात्र भ्यायची. भिंतीवर चार फोटो होते: आई, आजी, पणजी आणि खापरपणजी. आई पंचावन्नाव्या वर्षी तापाने गेली, तिच्या डोळ्यांदेखत. बाकीच्या तिघींना तिने पाहिलंच नव्हतं, कारण आईने माहेराशी काढलेलं भांडण शेवटपर्यंत निगुतीने सांभाळलं होतं. पण फोटोतल्या कुणाचंही वय पन्नाशीपलीकडचं दिसत नव्हतं. पांढरा केस औषधालाही नाही. त्यापुढच्या वयाचा एकीचाही फोटो नाही. या घरातल्या बायका पंचावन्नाच्या पुढे जात नाहीत, हे आणखी कुणी लिहून द्यायला हवं?

त्यात तिची एक दाढ हलू लागली. हे तर बोलावणंच!

तिला मरणाचं तसं काही नव्हतं. अडचण होती समोरच्या चष्मेवाल्याची. तो विधुर. त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं.

"अहो, मी चार दिवसांची पाहुणी," ती म्हणाली.

"पाहुण्यांना आम्ही चहा देतो."

"चेष्टा नको. तुम्हाला दुसऱ्यांदा विधुर करायचं पाप मी नाही घेणार."

असं म्हणून ती घरी आली आणि दिवसभर एकाच कवळीला पॉलिश करत बसली. इतकं, की ती कवळी अंधारात दिव्यासारखी चमकू लागली.

शेवटी तिने ठरवलं, एकदा मामाला विचारावं. आईच्या माहेरचा तेवढा एकच उरला होता. जन्मभर बोटीवर स्वयंपाक केलेला हा गडी. त्याने दहा गोष्टी सांगितल्या तर नऊ थापा असत आणि दहावी तो विसरलेला असे. बंदराजवळच्या खोलीत तो पाय शेकत बसला होता.

"मामा, आजी किती वर्षांची होऊन गेली?"

"एकशे दोन! आणि पणजी एकशे नऊ. मरण दारात आलं, तर तिने त्याला आधी पायपुसण्यावर पाय पुसायला लावले. पुसून पुसून कंटाळलं आणि परत गेलं."

"झालं सुरू! मग एकीचाही म्हातारपणीचा फोटो कसा नाही?"

"अगं, आपल्या बायकांचे दात पन्नाशीतच हलतात. उपटायच्या आदल्या दिवशी फोटो काढून घ्यायचा, हा घरचा शिरस्ता. त्यानंतर कॅमेरा दिसला की पाठ! नटव्या मेल्या."

तिची जीभ आपसूक दाढेकडे गेली. पण मामाच्या शब्दावर कुणी लग्न करतं का?

"खोटं वाटतंय? थांब." मामाने खाटेखालून बिस्किटांचा डबा ओढला. "हे तुझ्या आजीचं. जुनं झालं म्हणून टाकणं तिला ठाऊकच नव्हतं."

डब्यात कवळ्याच कवळ्या. कवळीवाली खिडकीशी गेली. टाळूच्या डाव्या बाजूला प्रत्येकीत तोच तिरपा खड्डा होता. सगळ्या एकाच तोंडातल्या. आणि तसाच उंचवटा तिच्या स्वतःच्या टाळूला होता! मग तिने त्या उलट्या करून ओळीने मांडल्या. पहिलीत हिरडी बसायची खोबण चांगली खोल. दुसरीत उथळ. पुढे आणखी उथळ. शेवटची तर बशीसारखी सपाट, आणि तिचेही दात चावून चावून गुळगुळीत.

हिरडीखालचं हाड असं सावकाश झिजतं. ते इतकं झिजायला दात पडल्यावर चाळीसेक वर्षं तरी खावं लागतं, आणि चवीने खावं लागतं.

"मामा," ती खाली बसत म्हणाली, "तू खरं बोललास!"

"कुणाला सांगू नकोस," मामा घाबरून म्हणाला.

ती परत आली ती थेट चष्मेवाल्याच्या दुकानात.

"अहो, माझ्या आजीची हिरडी पार सपाट झाली होती!"

"अरेरे. वाईट झालं."

"वाईट काय? चाळीस वर्षं माझ्याशी भांडायची तयारी आहे का, ते सांगा."

"चाळीस?" त्याने हातातली काच खाली ठेवली. "मी तर चार दिवसांत सुटेन म्हणून विचारलं होतं."

ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते थांबेना. त्याने रुमाल दिला, मग भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बोट केलं.

"शेवटची ओळ वाचता येतेय?"

"छे. पहिलीसुद्धा नाही. चष्मा बदलायचाच राहिला. म्हटलं, आता कशाला?"

"मग चांगली मजबूत फ्रेम दाखवतो," असं म्हणत त्याने खण उघडला.