मदिनाबीनं घडवलेला घोडा

राजेसाबनं पिस्तूल फडक्यावर ठेवलं आणि त्याचा एकेक भाग सुटा केला. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली सोलापुरात जुन्या हत्यारांची पारख करणारा तो एकटाच उरला होता.

समोर वळसंगचे सिद्धलिंगप्पा बसले होते. पणजोबांनी पलटणीत वापरलेलं पिस्तूल त्यांना पुण्याच्या एका खासगी संग्रहाला द्यायचं होतं. पणजोबांच्या नावाची पाटी लागणार होती. पुण्याचे साहेबही आले होते. सगळे भाग मूळचे असल्याचा कागद त्यांना हवा होता.

नळी, दस्ता, चाप, सगळ्यांवर एकच आकडा कोरलेला. बाराची दारू पेटवणाऱ्या टोपीवर आदळणाऱ्या घोड्यावर मात्र काहीच नव्हतं. राजेसाबनं तो उजेडात धरला. कानशीचे ओरखडे उलट्या बाजूला कललेले होते. डावऱ्या हाताचे.

"हे पूर्वी माझ्याकडं आणलं होतं का?" त्यानं सिद्धलिंगप्पांना विचारलं.

"व्हय की. अठ्ठावन साली. घोडा मोडला होता. तुमीच बसवून दिला न्हवं?"

त्या साली राजेसाब दोन महिने विषमज्वरानं अंथरुणाला खिळला होता. दुकानाचं काम त्याची डावरी बायको मदिनाबी परसात बसून करायची. बाईच्या हातचं म्हटल्यावर गिऱ्हाईक तुटेल, म्हणून त्यानं ते आपलंच म्हणून सांगितलं. तो बरा झाला, तरी नाजूक काम तिच्याकडंच राहिलं. तिनं एकदाच म्हटलं होतं, "एखादं तरी माझं म्हणून सांगा की कुणाला." तो नुसता हसला होता. मागच्या साली ती गेली.

"घोडा नंतरचा हाय," राजेसाब म्हणाला. "माझ्या बायकोनं घडवलेला."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मग जुना शोधून बसवा. कागदावर सगळं मूळचं लिहा."

"तसं न्हाई लिहिता यायचं." त्यानं लिहिलं : घोडा नंतरचा, घडवणार मदिनाबी राजेसाब, सोलापूर.

साहेबांनी कागद वाचला, खाली ठेवला आणि ते उठून गेले.

सिद्धलिंगप्पांनी फडक्यावरची नळी उचलून हातात धरली. "आज्याच्या बाचं नाव लागलं असतं हो तितं."

राजेसाबनं भाग पुन्हा जोडून दिले, चहा मागवला. तो न घेताच सिद्धलिंगप्पा पिस्तूल उपरण्यात गुंडाळून निघून गेले.

राजेसाब कागद घेऊन घरी आला. तो वाचून दाखवावा असं घरात आता कुणीच नव्हतं.