चार निघाले, मी राहिलो

“माहा पोरगा जहाजावर अडकून राहिला. एवढंच लिहा.”

“‘अडकून राहिला’ असं लिहीत नाहीत, देवाजी. ‘अडकून पडला आहे.’”

“काहून?”

“‘राहिला’ म्हटलं की कायमचा राहिला असं वाटतं. मुंबईत जहाज कंपनीत वाचणार आहेत हे.”

देवाजी दचकला. “मंग पडला लिहा. राहिला नोका लिहू.”

कृष्णकांतने अर्जात तसं लिहिलं, खाली देवाजीची सही घेतली आणि फोन नंबर स्वतःचा टाकला. देवाजी दिवसभर सिलिंडरची गाडी घेऊन गल्ल्यांतून हिंडतो, त्या खडखडाटात त्याला फोन ऐकू येत नाही.

हे तीन आठवड्यांपूर्वीचं. आता आजचं.

फळा, मंगळवार, सकाळी दहा

*निळे (खानावळी-हॉटेलांचे) सिलिंडर पुढील सूचनेपर्यंत मिळणार नाहीत. घरगुती गाडी आज येणार नाही. कृपया चौकशी करू नये.*

चौकशी करू नये असं लिहिलं की लोक चौकशीच करतात, हे कृष्णकांतला एकतीस वर्षांत कळलेलं आहे. तरी तो लिहितो. कळमन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गॅसची एजन्सी, एजन्सीला एक खिडकी, खिडकीमागे कृष्णकांत, खिडकीबाहेर काळा फळा. मालक येतात-जातात, फळा त्याचा. त्याचे पूर्वज भोसल्यांच्या दफ्तरात लेखनिक होते, असं त्याच्या घरी सांगतात. फळ्यावर त्याच्या हातून आजवर ऱ्हस्वदीर्घाची एक चूक झालेली नाही.

“किसनभाऊ, चौकशी नाही करून राहिली. फक्त विचारून राहिली,” यमुताई म्हणाली. बाजाराच्या आवारात तिची खानावळ आहे, हमालांसाठी. “लाकडं जाळू जाळू डोळे गेले माहे. माणसं म्हणतात, भाजीत धूर टाकला का? म्या म्हटलं, धूरच भाजी हाय, खा.”

“निळे सगळीकडेच बंद आहेत, यमुताई.”

“ते कोण दोघं भांडून राहिले समुद्रात, त्याईले सांगा ना कोणी, आमच्या नागपुरात वांगे कच्चे हायेत म्हणून.”

रांगेत हसू फुटलं. गाडीतून रिकामे सिलिंडर उतरवणारा देवाजी मात्र हसला नाही. यमुताईच्या लक्षात आलं. तिने पदर तोंडाला लावला आणि ती बाजूला झाली.

देवाजीचा पियूष त्याच समुद्रात होता. चोवीस वर्षांचा, गॅस वाहून आणणाऱ्या जहाजावर स्वयंपाकी. जहाज आखातातून भरून निघालं आणि सामुद्रधुनीच्या तोंडाशी तिथल्या एका देशाने ते अडवून आपल्या बंदराला लावलं. भांडण त्यांचं दुसऱ्याच कुणाशी. जहाजावर सोळा भारतीय.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला

इथे वर्तमानपत्रातली कात्रणं चिकटवलेली आहेत. बायको चारुलता म्हणते, लोक देवाचे फोटो लावतात. कृष्णकांत शब्द लावतो.

नोंद घेतली. लक्ष ठेवून आहोत. चिंता. तीव्र चिंता. निषेध.

या पाच पायऱ्या. जगात कुठे काही झालं की आपलं सरकार यांतल्या कुठल्यातरी पायरीवर उभं राहून बोलतं. कृष्णकांतचा शोध एवढाच की, जिकडून आपला गॅस आणि तेल येतं, त्या बाजूला तोंड करून बोलताना सरकार तिसऱ्या पायरीच्या वर चढत नाही. लढाई होवो, संयुक्त राष्ट्रांत मतदान होवो, माणसं मरोत. चिंता, आणि मग दोन्ही बाजूंनी संयम ठेवावा. पहिल्या आखाती युद्धाच्या वेळी तो कॉलेजात होता, तेव्हा त्याला याची चीड यायची. मग खिडकीमागे बसल्यावर दिसलं: चिंता म्हटलं की पंधरवड्यात गाडी येते. देशातल्या निम्म्याहून जास्त चुली त्या अरुंद पाण्यातून पेटतात. ज्याला रोज फळा लिहायचा असतो, त्याला चीड परवडत नाही.

पण हे सगळं दुसऱ्यांच्या मुलांबद्दल होतं.

त्याने दिलेला सल्ला

दोन आठवड्यांपूर्वी एका चॅनेलचे लोक देवाजीच्या घरी गेले होते. कन्हानला, नागपूरजवळच्या कोळसाखाणीच्या गावी. देवाजीने कॅमेऱ्यासमोर एकच वाक्य म्हणायचं होतं, सरकार झोपलं आहे असं. देवाजी त्यांना बाहेर बसवून इथे फोन करत होता.

“बोलू का, बाबूजी?”

“नको.”

“पोरगं माहं हाय.”

“म्हणूनच नको. आतून बोलणी चालू असतील. तू ओरडलास की दुसरे पंधराही ओरडतील, मग सरकारला वरच्या पायरीवर चढून बोलावं लागेल, आणि मग तिकडचे हट्टाला पेटतील. गप्प राहिलास तर सुटेल.”

देवाजी म्हणाला, “माही बुढीबी हेच म्हणते. इस्तो मांगाले गेलं त त्या घरच्या कुत्र्यालेबी हाड म्हणू नये.”

जिजाबाई, देवाजीची आई, ऐंशीच्या पुढची. खाणीच्या चाळीत दर सकाळी कुणाच्या तरी चुलीतून विस्तव मागून आणायचा आणि आपली चूल पेटवायची, यात तिची अर्धी हयात गेली.

“बरोबर म्हणते ती,” कृष्णकांत म्हणाला.

“हो. पण म्या तिले इचारलं, बुढे, त्या घरानं इस्तोही देल्ला नाही अन् आपलं पोरगंही ठेवून घेतलं तर?”

“मग?”

“मंग ते उठून चुलीपाशी गेली.”

देवाजी चॅनेलवर बोलला नाही. कृष्णकांतचा शब्द त्याने पाळला. तेव्हापासून कृष्णकांतला जेवण जात नव्हतं. सल्ला चुकला तर पियूषच्या तिथे राहण्यात त्याचाही एक हात असणार होता.

मोबाइल, अकरा वाजून वीस मिनिटं

*नमस्कार सर. सुरुची बोलते आहे, जहाज कंपनीच्या मुंबई ऑफिसमधून. आज सकाळी पियूष यांना जहाजावरून चाळीस सेकंद फोन करू दिला. आवाज तुटत होता. त्यांनी सांगितलेला निरोप पुढीलप्रमाणे: “चार निघाले. मी राहिलो. बाबांना सांगा.” अधिकृत माहिती आल्यावर कळवते.*

कृष्णकांतने ते तीनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती. पूर्णविराम जागच्या जागी, अवतरणचिन्हं उघडलेली आणि बंद केलेली.

चार निघाले. म्हणजे दार उघडलं होतं, सोळांपैकी चार त्यातून बाहेर पडले, आणि हा राहिला.

खिडकीतून एक पासबुक आत आलं. त्याने ते उलटं धरलं. “काका, माझं नाव अदिती आहे, तुम्ही दुसऱ्याच नावाने बुकिंग करताय,” समोरची मुलगी म्हणाली. त्याने माफी मागितली. मग खिडकीची फळी अर्धी ओढून घेतली आणि मागच्या खोलीत जाऊन माठाजवळ उभा राहिला. पाणी प्यायला नाही. कूलरच्या जाळीतला वाळ्याचा खस ओला करायचा राहून गेला होता, हवा भट्टीसारखी आत येत होती.

चॅनेलवर बोलला असता तर? चार बापांनी आरडाओरडा केला असेल, त्यांचे चार सुटले असतील. गप्प बसलेल्याचा राहिला.

सांगायचं कसं, याची वाक्यं तो मनात जुळवू लागला.

*देवाजी, पहिली तुकडी सुटली आहे.*

*देवाजी, सुटका टप्प्याटप्प्याने होणार आहे.*

*देवाजी, धीर धर.*

तिन्ही वाक्यं त्याने मनातच खोडली. तिन्ही त्या कपाटाच्या दारावर शोभली असती.

साडेबारा

देवाजी एक फेरी करून आला. गोदामात उरलेसुरले सिलिंडर तो पोहोचवत होता. गमछा पाण्यात बुडवून त्याने डोक्यावर टाकला आणि खिडकीच्या चौकटीला टेकला.

“आला का काही मुंबईचा फोन?”

कृष्णकांतचा मोबाइल पासबुकांखाली पालथा पडलेला होता.

“कंपनी संपर्कात आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे, परिस्थितीवर लक्ष आहे त्यांचं. काही प्रगती झाली की कळवतील.”

देवाजीने गमछा डोक्यावरून काढला. सव्वीस वर्षं त्याने या माणसाला अर्जातली वाक्यं दुरुस्त करताना पाहिलं होतं. असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

“बाबूजी,” तो हळू म्हणाला, “तुम्ही सरकारसारखे काहून बोलून राहिले?”

कृष्णकांतच्या जिभेवर सवयीने दुरुस्ती आली: ‘का बोलता आहात.’ ती ओठापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

बोलून राहिले.

म्हणजे बोलणं संपलेलं नाही. चालू आहे. या क्षणी, समोर. हा गमछा पिळून राहिला, तो खस सुकून राहिला, यमुताई फक्त विचारून राहिली. या गावात जे राहतं ते मागे राहत नाही. ते होत असतं.

“तू पाणी पी,” कृष्णकांत म्हणाला. “दोन मिनिटं थांब. कुठे जाऊ नकोस.”

फोन

“सुरुचीताई, पियूष काय म्हणाला? तुम्ही लिहिलं ते नाही. तो म्हणाला ते.”

“सर, तेच लिहिलंय मी. आवाज तुटत होता, तरी—”

“‘राहिलो’च्या आधी काही होतं का?”

“आधी?” तिकडे कागद चाळल्याचा आवाज. “हो, होतं. मी कच्चं लिहून घेतलं होतं. थांबा. ‘चार निघाले, मी बी निघून राहिलो.’ असं आहे.”

कृष्णकांतने डोळे मिटले.

“‘निघून’ तुम्ही का गाळलं?”

“कारण अर्थ लागेना, सर. निघाले असते तर राहिले कसे? मला वाटलं, घाबरून शब्द मागेपुढे झाले असतील. घरच्यांना गोंधळ नको, म्हणून वाक्य जरा नीट केलं.” ती थांबली. “माझं काही चुकलं का?”

“तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“पुण्याची.”

“आमच्याकडे ‘निघून राहिलो’ म्हणजे निघतो आहे. पाय उचललाय. चार पुढे गेले आणि पाचवा तो.”

“अगं बाई.” मग घाईघाईने, “सर, मी दूतावासाकडे सुटलेल्यांच्या यादीचं विचारते. लगेच. मला खरंच माहीत नव्हतं.”

“तुमची चूक नाही,” कृष्णकांत म्हणाला. “मीही असंच नीट करत आलोय.”

तेच, खिडकीशी

“देवाजी. पियूषचा निरोप आहे. सकाळीच आला होता, मी सांगितला नाही, कारण मला तो चुकीचा कळला होता.”

देवाजीचे हात चौकटीवर घट्ट झाले.

“चार जण निघाले. आणि पियूष निघून राहिला.”

देवाजी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. रांगेत कुणीतरी पंख्यासारखं पासबुक हलवत होतं, तेही थांबलं.

“बाबूजी,” त्याने विचारलं, “तुमच्या मराठीत, का माह्या?”

“तुह्या,” कृष्णकांत म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून एकतीस वर्षांत निघाला नव्हता. घरी बोललं तर आई जेवणावरून उठवायची.

देवाजी मागे सरकला आणि जवळच्या एका रिकाम्या सिलिंडरवर बसला. सिलिंडर घंटेसारखा वाजला. त्याने गमछा तोंडावर धरला आणि खांदे हलू लागले. यमुताई पुढे झाली, त्याच्या पाठीवर तिने एक जोरात थाप मारली.

“रडून काहून राहिला गा? पोरगं येऊन राहिलं ना तुहं?”

“रडून नाही राहिलो,” गमछ्यातून आवाज आला. “घाम हाय.”

“हो. नागपूरचा घाम डोळ्यांतूनच येते.”

दुपारी तीन चाळीस

यादी आली. पाच नावं. पाचवं पियूषचं. पाचही जण दूतावासाच्या माणसांच्या ताब्यात, उद्याचं विमान. देवाजीने कन्हानला फोन लावला आणि जिजाबाईला फोनवर ते नाव तीनदा ऐकवलं. तिने विचारलं, अन् इस्तो? देवाजीला हसू आवरेना.

चारच्या सुमारास सरकारचं निवेदनही आलं. त्यात त्या देशाच्या सहकार्याबद्दल आभार होते. अडवण्याबद्दल एक शब्द नव्हता. जहाजाला पुढे जाऊ देण्यावर बोलणी सुरू असल्याचं म्हटलं होतं, आणि उरलेल्या अकरा जणांच्या संपर्कात असल्याचं. कृष्णकांतने कात्री काढली नाही. ‘संपर्कात’ या शब्दावर त्याची नजर जरा जास्त वेळ थांबली. अकरा घरी आज कुणीतरी हाच शब्द ऐकत असेल. आपला सल्ला बरोबर होता की नुसता लागू पडला, हे त्याला ठरवता येईना, आणि आज ठरवायचंही नव्हतं.

भराई केंद्रातून फोन आला. दुसऱ्या बंदरात उतरलेला माल पोहोचला होता. एक गाडी नागपूरकडे सुटली होती. घरगुतीच, निळे नाहीत.

“मंग माहे वांगे?” यमुताईने विचारलं.

“निळे आठवडाभरात, यमुताई. बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे हे तुमचं का सरकारचं?”

“माझं.”

“मंग चालते,” ती म्हणाली.

कृष्णकांत खडू घेऊन बाहेर आला. ओल्या फडक्याने सकाळचं सगळं पुसलं. उन्हात फळा क्षणात सुकला. त्याने लिहिलं:

*गाडी येत आहे.*

थोडा मागे सरकून पाहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, त्याच वळणदार अक्षरात:

*गाडी येऊन राहिली आहे.*

देवाजी गाडीची मागची फळी लावत होता. तो आला, फडक्याने हात पुसत फळ्यासमोर उभा राहिला. फळा तो कधी वाचत नसे. गाडी कधी येणार, हे त्याला फळ्याच्या आधी माहीत असायचं. आज त्याने एकेक अक्षर वाचलं.

“बाबूजी.”

“काय?”

“‘आहे’ कायले पाह्यजे?”

कृष्णकांतने वाक्याकडे पाहिलं. मग अंगठ्याने शेवटचा शब्द पुसला. पूर्णविराम राहिला, थोडा दूर, मध्ये पांढुरका डाग.

“आता बरोबर हाय,” देवाजी म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.